व्हायोलिन, पहाटेची प्रार्थना, पदवीचा अभ्यास आणि चार तासांची झोप

अर्धमात्रा :

मी भौतिकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षात शिकते आणि माझे वय २० वर्षे आहे. गेली अकरा वर्षे मी व्हायोलिन शिकत आहे व सात महिन्यांनी मला वादनाची वरच्या श्रेणीची परीक्षा द्यायची आहे. तिसरी गोष्ट श्रद्धेची. लहानपणी ती घरातून आपसूक मिळाली होती. वसतिगृहात आल्यावर वर्षभर सुटली आणि नंतर माझी मलाच गरज वाटू लागल्याने मी पुन्हा उपासनेकडे वळले. माझा पंथ कोणता हे मुद्दाम लिहीत नाही, कारण ते लिहिले की सगळे पंथावर बोलू लागतात आणि मूळ प्रश्न तसाच राहतो.

माझा दिवस असा जातो. पहाटे ५ वाजता उठून मी ५.३० ते ६.३० सामुदायिक प्रार्थनेला जाते. हे आठवड्यातून सहा दिवस. सोमवार ते शुक्रवार ८.३० ते ४.३० महाविद्यालय असते. संध्याकाळी ६ ते ८ रोज व्हायोलिनचा रियाज. आठवड्यातून दोनदा रात्री ८.३० ते १०.३० आमच्या उपासनागटाच्या वाद्यवृंदाची तालीम होते, आणि सुट्टीच्या दिवशी तीन तासांची मुख्य सभा असते, तिथेही मी वाजवते. अभ्यासाला बसेपर्यंत पावणेअकरा होतात आणि झोपायला १ वाजतो. सुट्टीच्या दिवशी पहाटेची प्रार्थना नसल्यामुळे त्या दिवशी मी १० वाजेपर्यंत झोपते.

गेल्या महिन्यात तासाला बसले असताना मला डुलकी लागली. नंतर वही पाहिली, तर शेवटचे समीकरण अर्धेच होते आणि तिथून पेनाची एक तिरकी रेघ पानाच्या कडेपर्यंत गेली होती. याची मला लाज वाटली, पण त्याहून अधिक टोचते ते वेगळेच. पहाटे प्रार्थनेत मी डोळे मिटते तेव्हा बहुधा झोपलेली असते, आणि सभेत वाजवत असते तेव्हा माझे सगळे लक्ष सूर, लय आणि पुढच्या जागेकडे असते. म्हणजे आठवड्यातले इतके तास उपासनेला देऊनही मी खऱ्या अर्थाने प्रार्थना केव्हा केली होती, हे मला आठवत नाही. यांतले काय कमी करावे? पहाटेला जाणे सोडले तर श्रद्धा डळमळली असे मलाच वाटेल, आणि रियाज सोडला तर अकरा वर्षांवर पाणी पडेल. झोप मात्र कोणालाही न दुखवता कमी करता येते, म्हणून ती कमी होत गेली.

हिशेबनीस :

सल्ला देण्यापूर्वी तुम्हीच दिलेल्या आकड्यांची बेरीज करून पाहिली. आठवड्याचे तास १६८. पहाटेची प्रार्थना ६, महाविद्यालय ४०, रियाज १४, तालमी ४, सभा ३. रात्रीचा अभ्यास उदार मनाने १४ धरू. झोप सहा रात्रींची २४ आणि सुट्टीची ९, म्हणजे ३३. ही बेरीज ११४ होते. जेवण, आंघोळ, येणे-जाणे यांना रोज ३ तास, म्हणजे २१ दिले तरी १३५ होतात. उरलेले ३३ तास कुठे आहेत? तुम्ही आठवड्यात जितके झोपता, तितकेच तास तुमच्या हिशेबात सापडत नाहीत.

उलट बाजूनेही मांडून पाहा. रोज ८ तासांप्रमाणे झोपेला ५६ तास दिले आणि वरच्या सगळ्या गोष्टी जशाच्या तशा ठेवल्या, तरी अभ्यासाचे १४ तास धरून १० तास शिल्लक राहतात. म्हणजे कागदावर तरी तुम्हाला काहीच सोडायची गरज नाही. दिवस कागदाप्रमाणे चालत नाही हे मान्य आहे, तरीही आधी त्या ३३ तासांची एक आठवडाभर प्रामाणिक नोंद करा. कोणता त्याग करायचा याचा विचार त्यानंतर करता येईल.

अर्धमात्रा :

नोंद न करताही मला अंदाज आहे. महाविद्यालयातून आल्यावर ६ वाजेपर्यंत मी खोलीवर फोन घेऊन आडवी पडलेली असते. ती झोपही नसते आणि जागेपणही नसते. ज्या रात्री तालीम नसते, त्या रात्री ८ ते १०.३० मैत्रिणींच्या खोलीत जातात. शनिवार तर कसा संपतो हे मला सांगता येत नाही. तुम्ही लिहिलेले वाचून जरा राग आला होता, पण बेरीज दोनदा तपासली आणि ती बरोबर निघाली.

रात्रपाळी :

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो आणि झोप हा माझ्या विशेष आवडीचा विषय असल्याने उत्तर थोडे लांबेल. सापडलेले ३३ तास केवळ आळसात गेले असे मला वाटत नाही. चार तास झोपलेला माणूस दुपारी साडेचारला आडवा पडतो, त्याला काही सुरू करण्याची उमेद राहत नाही आणि हातातला फोन सोडवत नाही, हीच अपुऱ्या झोपेची ठळक खूण आहे. म्हणजे रात्री वाचवलेले तास दिवसा परत जातात, आणि तेही विश्रांती न देता.

१८ ते २५ वर्षांच्या व्यक्तींना ७ ते ९ तास झोप हवी, अशी शिफारस अमेरिकेतील नॅशनल स्लीप फाउंडेशनने २०१५ मध्ये केली. ‘मला सवय झाली आहे’ या भावनेवर मात्र विश्वास ठेवू नका. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील व्हॅन डोंगेन, डिंजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना सलग १४ दिवस रोज ६ तास, तर काहींना रोज ४ तासच झोपू दिले. शेवटी त्यांच्या लक्ष आणि स्मृतीच्या चाचण्या इतक्या घसरल्या होत्या, की एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसांशीच त्यांची तुलना करता आली. पण आपल्याला किती झोप येते आहे याचा त्यांचा स्वतःचा अंदाज पहिल्या काही दिवसांनंतर फारसा वाढत नव्हता. घसरण चालू राहते आणि तिची जाणीव मात्र थांबते. तुमच्या वहीतली तिरकी रेघ तुमच्या जाणिवेपेक्षा अधिक विश्वसनीय आहे, ती जपून ठेवा.

रात्रीचा कोणताही भाग कापला तरी सारखेच नुकसान होते असेही नाही. गाढ, मंद लहरींची झोप रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात अधिक असते आणि स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढत जाते. १ ते ५ झोपणाऱ्याच्या वाट्याला पहिला भाग बराचसा येतो. दुसरा भाग गजराखाली सापडतो.

त्यात वयाची अडचण आहे. किशोरवयापासून शरीराचे घड्याळ उशिराकडे सरकत जाते आणि साधारण विसाव्या वर्षाच्या आसपास ते सर्वाधिक उशिरा चालते, म्हणजे आत्ता तुमचे आहे तसेच. त्यामुळे उद्यापासून एकदम ९.३० ला झोपायचे ठरवलेत, तर अंधारात छताकडे पाहत पडाल. उठण्याची वेळ स्थिर ठेवा आणि झोपण्याची वेळ दर तीन-चार दिवसांनी पंधरा-वीस मिनिटांनी अलीकडे आणा. प्रार्थनेवरून परतताना काही वेळ उघड्यावर, उजेडात चाला, कारण सकाळचा उजेड हे घड्याळ अलीकडे आणण्याचे सर्वांत परिणामकारक साधन आहे. सुट्टीच्या दिवशी १० पर्यंत झोपून तुम्ही आठवड्याभराची ती मेहनत मोडता; फार तर ६.३० पर्यंत झोपा आणि दुपारी एक डुलकी काढा. इतर दिवशी मधल्या सुट्टीत २० मिनिटे डोळे मिटता आले तर उत्तम, पण त्याहून लांबवू नका, नाहीतर गाढ झोपेतून अर्धवट उठल्यासारखी जड मरगळ येते. रात्री अभ्यासासाठी कॉफी घेत असाल, तर शरीरातले निम्मे कॅफीन कमी होण्यास साधारण ५ तास लागतात हे लक्षात असू द्या.

सलग महिनाभर ७ तासांहून अधिक झोप मिळूनही वर्गात डोळे मिटत राहिले, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. रक्तक्षय, थायरॉइडचे विकार, झोपेतील श्वसनाचा अडथळा, नैराश्य अशी कारणे वेळापत्रक बदलून जात नाहीत.

स्पष्टवक्ता :

एक वर्ष व्हायोलिन बंद ठेवा आणि पदवी पूर्ण करा. वाद्य कुठे पळून जात नाही.

मंद्र :

वाद्य पळून जात नाही हे खरे, पण हात जातो, आणि तो परत आणायला किती काळ लागतो हे मी माझ्या विद्यार्थ्यांमध्ये अनेकदा पाहिले आहे. मी व्हायोलिन शिकवते. माझ्या मते प्रश्नकर्तीने रियाज बंद करू नये. थकलेल्या अवस्थेतला रियाज मात्र बंद करावा.

१९९३ मध्ये अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतील व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांच्या लक्षात त्यातले रियाजाचे तासच राहिले. त्या विद्यार्थ्यांच्या दैनंदिन नोंदींत आणखी एक गोष्ट होती. वरच्या दोन गटांतील वादक आठवड्याला सुमारे २४ तास एकट्याने रियाज करत असत, आणि ते तिसऱ्या गटापेक्षा झोपतही अधिक असत, दिवसाला सरासरी साडेआठ तासांच्या आसपास, ज्यात दुपारची झोपही आली. अधिक झोपल्यामुळे ते चांगले वादक झाले असे यातून सिद्ध होत नाही. तरीही झोप कापून रियाज वाढवणारा वादक हा जो आदर्श आपल्या मनात असतो, तो निदान त्या नोंदींत तरी सापडला नाही.

बोटांच्या स्मृतीविषयीही थोडे सांगते. मॅथ्यू वॉकर, रॉबर्ट स्टिकगोल्ड आणि सहकाऱ्यांच्या २००२ मधील प्रयोगात लोकांना बोटांनी कळा दाबण्याचा एक ठरावीक क्रम शिकवला. रात्रीची झोप झाल्यावर, मध्ये काहीही सराव न करता, त्यांचा वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढला. तितकाच वेळ जागे राहिलेल्यांत तशी वाढ दिसली नाही. त्यातला काही भाग नुसता थकवा उतरल्याचा असावा, असा आक्षेप नंतर काही संशोधकांनी घेतला आणि तो मला पटतो. पण वादकाच्या दृष्टीने दोन्ही अर्थ एकच सांगतात, की आज न बसलेली जागा मध्यरात्रीपर्यंत घासण्यापेक्षा उद्या ताज्या हाताने घेतलेली बरी. झोपाळलेला हात खांदा वर उचलतो, गज घोडीकडे, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीकडे, सरकतो, तिसरे बोट किंचित खाली पडते, आणि कान थकलेला असल्याने ते कळतही नाही. मग त्याच चुकीचा दोन तास रियाज होतो. तो काढायला पुढे दोन महिने लागतात, आणि ते दोन महिने बहुधा शिकवणाऱ्याचे असतात.

म्हणून दोन सलग तासांऐवजी पन्नास मिनिटांचे दोन भाग करा, मध्ये वाद्य खाली ठेवून उठा. सर्वांत अवघड जागा पहिल्या वीस मिनिटांत घ्या. तालमीच्या दिवशी स्वतःचा रियाज एक तासच ठेवा. तालमीत दोन तास गज हातात असतो हे खांद्याला माहीत असते, तुम्हीच ते मोजत नाही. आणि शेवटची दहा-पंधरा मिनिटे वाद्य न घेता स्वरलिपी समोर ठेवून मनात वाजवा. अल्वारो पास्कुआल-लिओने यांच्या १९९५ मधील पियानोच्या प्रयोगात पाच दिवस केवळ मनात सराव करणाऱ्यांचे वादनही सुधारले होते; प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांइतके नाही, पण स्पष्टपणे सुधारले होते.

हिशेबनीस :

अभ्यासाबद्दल एकच भर घालतो. रात्री ११ नंतर झोपाळलेल्या डोळ्यांनी टिपणे पुन्हा पुन्हा वाचणे म्हणजे अभ्यास झाल्याचे समाधान मिळवणे आहे. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवले, की मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांना तो पाच मिनिटांनंतर अधिक आठवतो, पण आठवड्यानंतर पुस्तक मिटून स्वतःला विचारून पाहणारेच पुढे असतात. महाविद्यालय सुटल्यावर आडवे न पडता थेट वाचनालयात तासभर बसा आणि त्या दिवशीची सिद्धता कोऱ्या कागदावर न बघता उतरवा. रात्रीच्या दोन तासांचे काम तिथेच होईल.

जुना साथीदार :

वयाने तू माझ्या नातीएवढी असशील, म्हणून एकेरी लिहितो. झोपेविषयी आणि रियाजाविषयी जाणकारांनी लिहिले आहे. तुझ्या प्रश्नातला जो भाग तुला सर्वाधिक टोचतो, त्याला अजून कोणी हात घातलेला नाही, म्हणून लिहावेसे वाटले. मी सुमारे चाळीस वर्षे सामुदायिक उपासनेत पेटी वाजवली आहे.

आधी पहाटेविषयी. तुझा पंथ मला माहीत नाही आणि जाणून घ्यायचेही नाही. पण जिथे जिथे पहाटे उठून प्रार्थना करण्याची परंपरा आहे, तिथे आदल्या रात्रीचाही विचार केलेला असतो, आणि आपण त्यातली पहाट तेवढी उचलतो. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीत भिक्षूंनी हिवाळ्यात सूर्यास्तापासून मोजलेल्या रात्रीच्या आठव्या तासाला उठावे असे सांगताना, मध्यरात्र उलटेपर्यंत त्यांची विश्रांती झालेली असावी हे कारणही दिले आहे. रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेनंतर मौन, आणि उन्हाळ्यात दुपारी पडण्याची मुभा, हेही तिथेच आहे. इशाच्या, म्हणजे रात्रीच्या, नमाजानंतर गप्पा मारीत बसणे पैगंबरांना पसंत नव्हते, असे हदीसमध्ये आहे. आणि गीतेच्या सहाव्या अध्यायात तर अति झोपणाऱ्याला योग साधत नाही, तसा अति जागणाऱ्यालाही साधत नाही, असे एका श्वासात सांगितले आहे. त्यामुळे १ वाजता झोपून ५ ला उठण्यात तुला जी निष्ठा वाटते, तिला कोणत्याही परंपरेचा आधार मिळेल असे मला वाटत नाही. पहाट ठेवायची असेल तर रात्र सोडावी लागेल. रात्र सोडता येत नसेल, तर काही दिवस एकटीने, वेगळ्या वेळी, पंधरा मिनिटे पण जागेपणी प्रार्थना कर. झोपेत काढलेल्या तासापेक्षा ती कमी आहे असे तुझ्या गटातले कोणी म्हणाले, तर त्यांना माझ्याकडे पाठव.

आता वाजवण्याविषयी. वाजवताना तुझे लक्ष सूर आणि लय यांच्याकडे असते, हे तू अपराध केल्यासारखे लिहिले आहेस. ते तिथेच असले पाहिजे. साथ करणारा भावविभोर होऊन ठेका विसरला, तर समोरच्या दोनशे लोकांची प्रार्थना मोडते. आपण दार उघडून धरणारे लोक आहोत. इतर आत जातात आणि आपण दारापाशी उभे राहतो. हे काम आहे आणि ते चांगलेही आहे, पण ते केले म्हणून आपलेही आत जाणे झाले असे समजायचे नाही. मी हे फार उशिरा शिकलो. पंधरा-सोळा वर्षे एकही उपासना न चुकवता मी आतून कोरडा झालो होतो आणि तो कोरडेपणा उत्तम वाजवून झाकत होतो. शेवटी महिन्यातून एका सभेत वाद्याला हात न लावता मागच्या रांगेत बसायचे ठरवले. पहिल्या दोन वेळा माझ्या जागी बसलेल्या मुलाच्या चुकाच मोजत होतो, हे कबूल करतो.

तालमी आठवड्यातून दोनदा आणि त्याही रात्री १०.३० पर्यंत कशासाठी? तू वाद्यवृंदात आहेस म्हणून सगळे गृहीत धरतात, आणि तू बोलत नाहीस. एकदा बोलून पाहा.

मंद्र :

साथीदारांच्या दाराच्या दृष्टान्ताशी मी पूर्णपणे सहमत नाही. कित्येक वादकांसाठी एक लांब, स्थिर गज ओढणे हेच आत जाणे असते आणि त्यांना वेगळ्या प्रार्थनेची उणीव भासत नाही. पण त्यासाठी रचना हातात इतकी मुरलेली असावी लागते, की तिच्यासाठी लक्ष खर्च करावे लागू नये. दर आठवड्याला नवी रचना बसवणाऱ्या गटात ते कठीण आहे. मागच्या रांगेचा उपाय मात्र मलाही पटला.

अर्धमात्रा :

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. सर्वांचे आभार.

गटप्रमुखांशी बोलायला मला आठ दिवस लागले आणि बोलणे पाच मिनिटांत संपले. एक तालीम शनिवारी दुपारी घ्यायचे ठरले, दुसरी ९.३० ला संपते. आणखी दोघांना तेच हवे होते, पण तेही बोलले नव्हते. महाविद्यालयातून मी थेट वाचनालयात जाते. तिथे पहिल्या दिवशी सिद्धता कोऱ्या कागदावर उतरवायला घेतली आणि तिसऱ्या ओळीवर अडकले. टिपणे वाचताना ती मला येते असे वाटत होते. रियाजाचे दोन भाग केले आहेत. कॉफी दुपारनंतर बंद आहे.

झोपेचा पहिला आठवडा वाईट गेला. १०.४५ ला दिवा मालवून १२ पर्यंत जागी राहिले आणि रोज वाटायचे, की या वेळात एक प्रकरण झाले असते. आता साधारण १०.३० ला झोपते, ५ ला उठते; म्हणजे साडेसहा तास होतात, सात अजून झालेले नाहीत. प्रार्थनेची जागा जवळ असल्यामुळे ५.१५ ला उठून पाहणार आहे. या तीन आठवड्यांत वर्गात एकदाच पेंग आली. पहाटेची प्रार्थना सहाऐवजी पाच दिवस केली आणि सहाव्या दिवशी खोलीतच बसले. त्या दिवशी अपराधी वाटले, पण जागी होते.

गेल्या सभेत मी वाद्य खोलीवर ठेवून मागच्या रांगेत बसले. पहिल्याच रचनेत दुसऱ्या व्हायोलिनची वरची तार किंचित उतरलेली होती आणि मला सभा संपेपर्यंत दुसरे काही ऐकू आले नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा बसणार आहे.